चंद्र खरा, आकाश काळं

श्रोतेहो, नमस्कार. निसर्गाचा एखादा देखणा फोटो पाहिला की आपण लगेच विचारतो, "हे खरंच असं दिसतं का?" या प्रश्नासाठी आज आपण अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांची दोन कामं पाहू. फोटोने चित्रकलेची नक्कल करू नये, असा आग्रह धरणाऱ्या १९३२ च्या 'एफ/६४' गटाच्या संस्थापकांपैकी ते एक.

१९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून ते गाडीने चालले होते. सूर्य मावळतीला टेकलेला, दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर शेवटचं ऊन, वर चंद्र. लाइट मीटर, म्हणजे प्रकाश मोजायचं यंत्र, काही सापडेना. पण चंद्राच्या तेजाचा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून हिशोब करून त्यांनी एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं, म्हणजे फिल्मवर तेवढा वेळ प्रकाश पडू दिला. दुसऱ्या फोटोसाठी दोन्ही बाजूंना फिल्म असलेला होल्डर उलटा करतात, तोवर क्रुसांवरचं ऊन गेलेलं. निगेटिव्ह एकच.

त्या एकाच निगेटिव्हवरून पुढे कित्येक वर्षं प्रिंट निघाल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडं आहे, त्यात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. प्रिंटच्या कागदावर जिथे जास्त प्रकाश पडतो, तिथे तो जास्त काळा होतो. नंतर डार्करूममध्ये आकाशाला जास्त जास्त प्रकाश देत ॲडम्सनी ते जवळजवळ काळंभोर केलं. ऐन संध्याकाळी मध्यरात्रीचं आकाश! ते मूळचे पियानोवादक. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं सादरीकरण, असं ते म्हणत.

मला हे आकाश मुळीच खोटं वाटत नाही. कृष्णधवल फिल्म रंग टाकूनच देते. मग निळ्याचा काळा किती करायचा, हे कुणीतरी ठरवायलाच हवं. आणि गंमत बघा, ॲडम्सना या फोटोची तारीखच नीट आठवत नव्हती. खगोल अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडून ती शोधली: १ नोव्हेंबर १९४१, पाचला थोडा वेळ बाकी असताना. एवढं काळं करूनही फोटोतला पुरावा शाबूत होता.

दुसरा फोटो १९४४ चा, कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनचा. मागे सिएरा नेवाडाची बर्फाळ रांग, पुढे अंधारी टेकडी. त्या टेकडीवर शाळेच्या मुलांनी दगडांना चुना फासून 'एल' आणि 'पी' ही भलीमोठी अक्षरं काढली होती. ॲडम्सनी ती निगेटिव्हवरून शक्य तेवढी पुसली, उरलीसुरली खूण प्रिंटवर मिटवली.

इथे माझं मन अडतं. आकाश गडद केलं तेव्हा उजेडाचा अर्थ लावला होता. इथे त्या गावच्या मुलांनी डोंगरावर केलेली खूणच गेली. आपल्याकडे कास पठाराच्या फोटोत फुलांचा जांभळा रंग थोडा चढवला तर मी हरकत घेणार नाही, पण फोटोत आलेलं एखादं कुंपण पुसून टाकलं तर जरूर घेईन.

ॲडम्सनी मात्र काही दडवलं नाही. अक्षरं आपण पुसली आणि त्यावरून टीकाही झाली, हे त्यांनी १९८३ साली स्वतःच लिहिलं. निसर्गाचा फोटो लोकांपुढे ठेवणाऱ्या प्रत्येकाकडून माझी तेवढीच अपेक्षा आहे. नमस्कार.