कॅल्शियमच्या वाटेनं शिरणारं कॅडमियम

(दृश्य: निपाणी. तंबाखूची जुनी वखार, उघड्या दारातून बाहेर येणारी धूळ.)

बेळगाव जिल्ह्याच्या वायव्य टोकाला निपाणी. पाट्या कन्नड, बोलणं मराठी आणि हवेत तंबाखूचा खकाणा. नव्या माणसाला शिंका आवरत नाहीत, इथल्यांना त्याचं काही वाटत नाही. तंबाखूच्या भावासाठी 1981 साली शेतकरी इथंच महामार्गावर ठाण मांडून बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. भावाबद्दल निपाणी आजही तावातावानं बोलते. पानात काय साठतं, हा विषय मात्र निकोटीनपाशीच संपतो.

तंबाखूचं रोप जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतं आणि पानात साठवतं. हा विषारी धातू जमिनीत थोडा मूळचाच असतो, थोडा फॉस्फेट खतांतून येतो. एका सिगारेटीत तो साधारण 1 ते 2 मायक्रोग्रॅम भरतो. जळताना त्याचा ऑक्साइड होतो आणि धुराच्या बारीक कणांवर बसून फुप्फुसात खोलवर पोचतो.

(दृश्य: ॲनिमेशन. पेशीचा पडदा, बाहेर कॅल्शियमचे दाट ठिपके, आत तुरळक.)

आता पेशीत शिरू. पेशीच्या बाहेर जेवढं मोकळं कॅल्शियम असतं, त्याच्या दहा हजारावा हिस्साच आत असतो. हा फरक आपोआप टिकत नाही. पाझरत्या विहिरीवर मोटर चालू ठेवावी, तसे पडद्यावरचे पंप आत आलेलं कॅल्शियम सतत बाहेर उपसत राहतात. काही पंप तेच कॅल्शियम पेशीतल्या कोठारात भरून ठेवतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर निरोपासाठी. क्षणभर दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं, आणि स्नायू आकसतो, मज्जापेशी पुढच्या पेशीला खबर देते. 1883 मध्ये लंडनमध्ये डॉक्टर सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग केले. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय धडधडत राहिलं, ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात मंदावत थांबलं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा.

कॅडमियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, जवळपास कॅल्शियमएवढाच. त्रिज्या 0.95 अँगस्ट्रॉम (अणू मोजायचं एकक), कॅल्शियमची 1. विद्युतभारही तोच, अधिक दोन. त्यामुळे कॅल्शियमच्या दारात ते जाऊन बसतं. बरंचसं तिथंच अडकतं आणि वाट अडवतं, थोडं आत सरकतं. खरा घोळ आत होतो. पंपांच्या प्रथिनांमधल्या गंधकाला ते घट्ट चिकटतं आणि उपसा मंदावतो. कोठारातलं कॅल्शियमही बाहेर सांडायला लागतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया ते सामावून घेता घेता फुगतात, आणि शेवटी पेशी स्वतःच मरणाची तयारी सुरू करते. शिसंही कॅल्शियमचंच सोंग घेतं, पण ते दशकानुदशकं हाडात मुक्काम करतं. कॅडमियमचा मुक्काम मूत्रपिंडात. शिरलेल्यातलं निम्मं बाहेर पडायलाच 10 ते 30 वर्षं लागतात.

मूत्रपिंडाच्या ज्या नलिकांत ते साठतं, तिथंच ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप मिळतं. नलिका बिघडल्या की कॅल्शियम लघवीवाटे जातं आणि हाडं ठिसूळ होतात. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातात उतरलं आणि मुख्यतः उतारवयातल्या बायकांची हाडं मोडली. 1968 मध्ये सरकारनं कारण मान्य केलं. तंबाखूतून इतकं कॅडमियम अंगात जात नाही, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण ओढणाऱ्याच्या शरीरात ते न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट सापडतं, हेही तितकंच खरं.

(दृश्य: मांडीवर सूप, पानात तंबाखू भरून दोरा गुंडाळणारी बोटं.)

विड्या वळणाऱ्या बायकांना विचारा, उत्तर ठरलेलं. “आम्ही कुठं ओढतोय? नुसती मिश्री लावतो.” तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजायची, चुरायची, हिरड्यांना चोळायची. भाजल्यानं धातू नाहीसा होत नाही. आतड्यातून तो एरवी कमीच शोषला जातो, पण अंगात लोह कमी असेल तर जास्त. लोहासाठी असलेल्या वाहकावर तो बसून येतो, आणि रक्त कमी असणं बायकांत किती सर्रास आहे ते वेगळं सांगायला नको.

रक्तातलं कॅल्शियम तपासून यातलं काही कळायचं नाही. ते कमी पडलं की शरीर हाडं झिजवून आकडा सावरून धरतं. बिघाडाची पहिली खूण लघवीत दिसते, बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन नावाचं छोटं प्रथिन तिथं वाढलेलं सापडतं.