नाईलकाठी किती सकाळी?

नमस्कार मंडळी. इजिप्तला स्वतःचं स्वतः आखून जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती दिवस लागतील?" मी उलट विचारतो, "किती सकाळी?" ऑक्टोबर ते मार्च हा बरा हंगाम, पण तेव्हाही दुपारी लक्सरला, राजांच्या थडग्यांच्या 'राजांच्या दरीत', उन्हानं जीव नकोसा होतो. लक्सरचंच कर्नाक मंदिर आणि ती दरी सकाळी सहाला उघडतात. तेव्हा एका सकाळी एकच जागा, फार तर दोन, अशी आखणी करा. लक्सरला चार सकाळी, वाटेत एक, अस्वानला दोन.

आता दिशा. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून नकाशात खाली दिसतो तो 'वरचा इजिप्त'. वारा मात्र बहुतेक उत्तरेकडून येतो. जुने नावाडी शीड उभारून दक्षिणेला जात आणि शीड उतरवून प्रवाहाबरोबर परतत. त्यांच्या चित्रलिपीत दक्षिणेला जाण्याचं चिन्ह म्हणजे शीड उभारलेली होडी! मीही तुम्हाला लक्सरहून अस्वानकडेच जायला सांगेन. माझं कारण वाऱ्याचं नाही, काळाचं आहे: जुन्या मंदिरांकडून नंतरच्या मंदिरांकडे.

लक्सरला मुक्काम पश्चिम काठावर करा. दरी, राणी हातशेप्सुतचं मंदिर, मेदिनेत हाबू सगळं त्याच काठाला आहे आणि पूर्वेला जायला लोकांची साधी फेरी आहे, ती लक्सरच्या मंदिरासमोर लागते. दरीच्या तिकिटात तीन थडगी पाहता येतात, तुतनखामेनचं तिकीट वेगळं. ते सोडलं तरी चालेल असं माझं स्पष्ट मत आहे. थडगं लहान आहे आणि त्यातला खजिना कैरोला गेला. तो वेळ देर अल-मदिनाला द्या. ही थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांची वस्ती. घरांचे पाये अजून दिसतात. आणि या माणसांनी स्वतःसाठी खोदलेली थडगी! सेन्नेजेमच्या लहानशा खोलीत तो आणि त्याची बायको शेत नांगरताना, पीक कापताना दिसतात, रंग कालच भरल्यासारखे. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी धान्याचा शिधा थकला, तेव्हा याच वस्तीतले लोक काम टाकून देवळांपाशी जाऊन बसले. नोंद असलेला हा जगातला पहिला संप मानतात. त्या राजाचं मंदिर, मेदिनेत हाबू, तिथून जवळच आहे. दोन्ही एकाच सकाळी पाहा.

कर्नाकच्या सभामंडपात 134 खांब आहेत. छप्पर बहुतेक पडलंय, त्यामुळे ऊन थेट आत येतं आणि आपल्याला वाटतं, मंदिर असंच उजेडाचं असणार. हा समज एडफूला मोडतो. होरस देवाचं ते मंदिर इसवी सनापूर्वी 237 ते 57 या काळात बांधलं, आणि त्याचं छप्पर शाबूत आहे. आत जावं तसतशी जमीन चढत जाते, छत खाली येतं, उजेड कमी होतो आणि शेवटी गाभारा. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, पावलांना ते आपोआप कळतं. कर्नाक आधी पाहिलेलं असेल, तर तिथलं पडलेलं छप्पर इथे मनात पुन्हा उभं राहतं. म्हणून हा क्रम.

एडफूचं रेल्वे स्टेशन पूर्व काठावर आणि मंदिर पश्चिमेला. लक्सर-अस्वान रेल्वे सोयीची असली तरी या एका दिवसापुरती गाडी ठरवा, कोम ओम्बोचं मंदिरही त्यात होतं. क्रूझच्या बोटी धक्क्याला लागल्या की सगळे प्रवासी एकदमच येतात, तो लोंढा टाळून पोहोचा. तिकिटांसाठी कार्ड जवळ ठेवा. सुट्ट्या नोटाही हव्यात, बक्षीस तिथेही बक्षीसच असतं.

अबू सिंबेलचं मंदिर या क्रमात बसत नाही. अस्वानहून 280 किलोमीटर, आणि दुसऱ्या रामसेसच्या काळात परत नेणारं. जायचं असेल तर अस्वानच्या फिले मंदिराच्या आधी उरका.

शेवट फिलेला करा. धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी हे इसिस देवीचं मंदिर सुटं करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभं केलंय. तिथे रोमन सम्राट हाड्रियनच्या दरवाजावर इसवी सन 394 मधला लेख आहे, चित्रलिपीतला तारीख असलेला शेवटचा लेख. कोरणारा पुजारी त्यात 'सदासर्वकाळ' असं म्हणतो. तो लेख शोधायला वेळ लागतो. तेव्हा धक्क्यावर नावाड्याशी भाव ठरवतानाच, तासाभराचं नको, दोन तासांचं बोला.