नळा बोलतो, पत्रा बोलत नाही

नमस्कार श्रोतेहो. मिरग तोंडावर आला. नळे, म्हणजे कौलं, परतायची, पत्रे बदलायची घाई वाडीवाडीत सुरू असेल, म्हणून आज छपरावर चढणाऱ्या माणसाबद्दल बोलतो.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं आणि आमच्या मालवणच्या घरी शाकारणीला तात्या आले. साठी उलटलेली, तरी आढ्यावर बसून विडी ओढणार. दिवसभर नळ्यांवर फिरले, वाशांचा अंदाज घेत, मांजरासारखे. संध्याकाळी उतरायचं, तर शिडी दुसऱ्या टोकाला. म्हणून निघाले मागच्या पडवीवरून. तिथे सिमेंटचा पत्रा, जुना, शेवाळ धरलेला. धप्प झालं, नारळ पडल्यासारखं. आत धावलो, तर तात्या जमिनीवर, अंगाखाली काकूनं सुकत घातलेली फणसाची साठं, म्हणजे फणसपोळ्या, आणि वर पत्र्यात माणसाएवढं आभाळ. काकू आधी साठांसाठी ओरडली, मग तात्यांचा पाय बघून गप्प झाली. (साठ बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाचंच. काप्याचं करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.) तात्या कण्हत म्हणतात कसे, "वयनीनू, नळो मोडण्याआदी कुरकुरता. ह्यो पत्रो काय्येक बोलाक नाय!"

खुबा मोडला होता. आम्ही शहाणपणा करून त्यांना उठवून बसवलं, तेही चुकलंच. पडलेल्याला हलवू नका, 108 ला फोन करा.

तर पत्रा बोलत नाही. सिमेंटचा जुना पत्रा ठिसूळ होतो आणि एकदम तुटतो. खिळ्यांच्या ओळीवर पाय ठेवला की झालं, असं पुष्कळजण मानतात, तसं नाही. खालच्या दोन-तीन आडव्या दांड्यांवर टेकेल अशी लांब फळी टाका, तिच्यावरूनच चाला. पुन्हा सांगतो, फळी. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, आणि कडेच्या वर तीन फूट निघालेली. नुसता कमरेला दोर बांधला तर झटक्यानं बरगड्या जातात. खांद्यामांड्यांतून जाणारा पट्टा घ्या, दोर आढ्यावरून पलीकडच्या भक्कम माडाला.

आणि मुंबईकरांनो, "चार दिवसांत उरकून टाक" असा फोन गड्याला करू नका. ओल्या नळ्यावर त्याला तुम्हीच चढवता.

आमच्या पडवीवर आता नळे आहेत. तात्या अंगणात खुर्ची टाकून बसतात, वर पुतण्या असतो. दर थोड्या वेळानं खालून हाक जाते, "फळी खंय रे?"