नुसतं ‘ऊब घ्या’ म्हणून भागत नाही

(तरुण संघाच्या नोव्हेंबरच्या सभेतलं भाषण, थोडं नीट करून लिहिलेलं)

जय ख्रिस्त सगळ्यांना. पाळकसाहेब, वडील मंडळी आणि तरुण संघाची पोरं-पोरी, विषय तुम्हीच दिलाय, विश्वास आणि आज्ञापालन, आणि बहुतेकांना वाटत असेल की आता हे विश्वासावर भर देणारा पौल विरुद्ध कर्मांवर भर देणारा याकोब असा सामना लावणार. तो आधी उरकून टाकतो. पौल इफिसकरांना लिहितो की तारण कृपेनं, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही. दुसऱ्या अध्यायातलं आठवं नववं वचन आपल्याला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं. दहावं मात्र कुणी पाठ करत नाही आणि तिथे लगेच तोच पौल म्हणतो की आपल्याला घडवलंय तेच मुळी सत्कृत्यांसाठी. धर्मसुधारक लूथरला याकोबाचं पत्र गवताचं, म्हणजे हलकं, वाटलं हे खरं, पण त्याच लूथरनं १५२२ साली रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहिलंय की विश्वास ही जिवंत, सतत धडपडणारी गोष्ट आहे, चांगलं काम करायचं का असं ती विचारत बसत नाही, कुणी विचारायच्या आत करून मोकळी होते. तेव्हा भांडण कुठेच नाहीये. भांडण आपण लावतो, कारण ते लावलं की घरातून उठावं लागत नाही.

आता याकोबाचा दुसरा अध्याय काढा, पंधरा आणि सोळा. एखादा भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे आणि तुमच्यातला कुणी त्यांना म्हणतो, सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा, पण शरीराला लागतं ते काही देत नाही, तर उपयोग काय? बघा हं, तो माणूस वाईट बोललेला नाही. शिवी नाही दिली, हाकलून नाही लावलं, आशीर्वादच दिलाय, आणि आपण आज व्हॉट्सअॅपवर हात जोडलेला इमोजी टाकून ‘प्रेयर्स’ लिहितो ते तरी दुसरं काय आहे. मला तर वाटतं याकोबाला राग त्या माणसाच्या कंजूषपणाचा तेवढा नाहीये, देवाचे शब्द वापरून त्यानं समोरच्याला वाटेला लावलं याचा आहे.

प्रभूनं हीच गोष्ट मंदिरात उभं राहून मुख्य याजकांना आणि वडिलांना सांगितली होती, मत्तय एकवीस. बापानं दोन मुलांना द्राक्षमळ्यात काम करायला जा म्हणून सांगितलं. एक म्हणाला जातो महाराज, आणि गेलाच नाही. दुसरा तोंडावर नाही म्हणाला, मग त्याला वाईट वाटलं आणि गेला. बापाच्या मनासारखं कुणी केलं, एवढाच प्रश्न. आणि उत्तर त्या याजकांना आणि वडील मंडळींनाच द्यावं लागलं. जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात जातात हे त्यानंतर लगेच म्हटलेलं वाक्य आहे, ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज मला पंडिता रमाबाईंबद्दल बोलायचंय. केडगावच्या रमाबाई, आणि केडगाव म्हणजे आपल्या नगरचं नव्हे, दौंडकडचं. नाव सगळ्यांना माहितीये, फोटोही कित्येक घरांत आहे. पण त्यांच्यापर्यंत ख्रिस्त पोहोचला कसा ते फार कमी जणांना माहितीये.

१८५८ चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, मुलीला संस्कृत शिकवणारा माणूस. अख्खं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरायचं. दुष्काळ पडला आणि १८७४ मध्ये काही महिन्यांच्या आत आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण अशी माणसं गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हजारो मैल हिंडले, रानातली फळं खाऊन दिवस काढले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की थंडीत अंगावर घ्यायला काही नसायचं, तेव्हा नदीकाठी थडग्यासारखे दोन खड्डे खणायचे, आत झोपायचं आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. सोळा-सतरा वर्षांची मुलगी. आता याकोबाचं ते ‘ऊब घ्या’ परत एकदा वाचा.

पुढे कलकत्त्यात पंडिता ही पदवी मिळाली, भाऊ गेला, लग्न झालं, दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजला सिस्टर्सच्या मठात राहिल्या. वादात त्यांना कुणी हरवू शकेल अशी ती बाईच नव्हती. तिथल्या मदर सुपीरियरनी त्यांना जरा हवापालट म्हणून लंडनच्या शाखेत पाठवलं. तिथे त्या सिस्टर्स, ज्या बायकांना समाज वाईट चालीच्या म्हणून टाकतो अशांना ठेवून घ्यायच्या, जीव लावायच्या. रमाबाईंनी त्या घरातून बाहेर पडलेल्या बायका बघितल्या, आता आजाऱ्यांची, असहायांची सेवा करत होत्या. हे त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. अशा बाईकडे कुणी दयेनं बघतं, तिला उभं करतं, आणि ती उभी राहते!

मग त्यांनी विचारलं की हे तुम्ही का करता? आणि तेव्हा, तोपर्यंत नाही हं, तेव्हा तिथल्या एका सिस्टरनी योहानाचा चौथा अध्याय काढून शोमरोनी बाईची गोष्ट वाचली. विहीर, पाणी, पाच नवरे झालेली ती बाई आणि तिच्याशी माणसासारखं बोलणारा येशू. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

मला इथे थोडं थांबायचंय. आपण म्हणतो सुवार्ता सांगायची, साक्ष द्यायची, बरोबर आहे, द्यायचीच. पण इथे क्रम बघा. आधी काम दिसलं, कामातून प्रश्न आला आणि शब्द त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आले. आपण न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत सुटतो, पत्रकं वाटतो, स्पीकर लावतो आणि लोक ऐकत नाहीत म्हणून त्यांचं हृदय कठीण आहे म्हणतो. आपल्या गल्लीतल्या कुणी आपल्याला शेवटचं कधी विचारलं की तुम्ही हे का करता?

रमाबाई परत आल्या, ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी, मुलींसाठी शारदा सदन काढलं, १८९० मध्ये ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होतायत म्हणून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना दुखावलेली माणसं होती, त्यात आज शिरत नाही. पण माणूस अशा वेळी दार लावून बसतो. त्यांच्यापुढे १८९६ चा दुष्काळ आला, मध्य प्रांतातल्या बातम्या यायला लागल्या आणि बाई स्वतः निघाल्या. रिलीफ कॅम्पमधून, अनाथालयांमधून फिरल्या, उपासमारीनं हाडं वर आलेल्या मुली गोळा केल्या. अशा मुलींवर कुणाची कशी नजर असते ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पैशांची पक्की सोय नव्हती. पुण्यात तेव्हा प्लेगची बंधनं, शहरात इतक्या मुली ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या टाकून राहायची सोय केली. विहिरी खणल्या, शेती, गुरं, विणकाम, तेलघाणा, छापखाना. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या वस्तीत, म्हणजे मुक्ती मिशनमध्ये, जवळजवळ दोन हजार बायका-मुली होत्या. दोन हजार जणींचा रोजचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा जरा. मनोरमा परदेशातून ब्रेल शिकून आली आणि आंधळ्या मुली वाचायला लागल्या. आणि लंडनमध्ये जे बघितलं होतं तेही त्यांनी केलं, कृपा सदन काढलं, टाकलेल्या बायकांसाठी. मंदिरात प्रभू ज्यांना पुढे जाणाऱ्या म्हणाला होता त्यांच्यासाठी खोल्या बांधल्या, एवढंच.

हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करायला त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं घातली, छपाईचे खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. म्हणजे वचनाला कमी लेखणारी ही बाई नव्हती. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

आता आपल्याकडे या. याकोबाचा तोच दुसरा अध्याय सुरू कुठून होतो? सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला तू तिथे उभा राहा. नाताळच्या उपासनेला पुढच्या खुर्च्या कुणासाठी राखून ठेवतो आपण? आणि लग्न जुळवताना हळूच विचारतोच ना, मूळचे कुठले, कुणाच्यातले? बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या झाल्या तरी विचारतो. प्रभुभोजनाचा प्याला एक आणि सोयरीक वेगळी, याला माझ्याकडे तरी दुसरं नाव नाहीये, ते ‘जातो महाराज’ म्हणून न जाणंच आहे.

पाचव्या अध्यायाचं चौथं वचन तर आपल्या जिल्ह्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेलीये. गाळप हंगाम सुरू झालाय. बीडकडून, पाथर्डीकडून कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, आलेत, मुकादमाची उचल आधीच अंगावर, पहाटे तीन-चारला फडात जायचं आणि लेकरं पाचटाच्या कोपीत नाहीतर मोळीशेजारी. आपल्या शिवारातसुद्धा उतरलेत, येताना रस्त्याच्या कडेला तुम्ही बघितलेच असतील. आपल्यातल्या कित्येकांचा ऊस तेच तोडणार आहेत.

म्हणून तरुण संघाशी आणि पाळकसाहेबांशी बोलून काही ठरवलंय ते सांगतो आणि बसतो. शनिवारी संध्याकाळी सहाला, ते फडातून आल्यावर, आपण कोप्यांवर जायचंय. त्याआधी महिला मंडळाच्या दोघी-तिघी जाऊन किती घरं, किती लेकरं, कुणी बाळंतीण आहे का, हे विचारून येतील, म्हणजे आपल्या मनाला येईल ते नेऊन टाकायचं नाही. ब्लँकेट नवीन आणायचं, घरातलं फाटकं नको. फोटो काढायचे नाहीत, बॅनर नाही, पत्रकं नाहीत. कुणी विचारलं का आलात तर खरं ते सांगायचं, नाही विचारलं तर चहा घेऊन यायचं. ज्यांच्याकडे या मजुरांचं मागच्या हंगामातलं काही देणं राहिलंय त्यांनी ते शनिवारच्या आत चुकतं करा, त्याची पावती मंडळीला दाखवायची गरज नाही. शाळेत जाणारी मुलं असतील तर त्यांचं नाव इथल्या शाळेत घालायला कागदपत्रं काय लागतात ते आपल्यातल्या दोन गुरुजींनी बघायचं कबूल केलंय. पिकअपमध्ये दहा जण बसतील, बाकीच्यांनी आपापल्या गाड्या आणा, नावं सेक्रेटरींकडे आत्ताच देऊन जा.