ब्रेक्झिट: परत मिळालेलं सार्वभौमत्व गेलं कुणाकडे?

(रत्नागिरीत एका वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय 'राष्ट्रीय सार्वभौमत्व आणि संघातून बाहेर पडण्याचा हक्क'. त्यावर बोलणारच आहे, पण सुरुवात मासळीपासून करतो. रत्नागिरीत उभं राहून मासळी टाळली तर तुम्हीच मला खाली बसवाल. आणि खरं सांगायचं तर ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा, हा सगळा तंटा बंदरावर गेल्याशिवाय कळत नाही, असं माझं बऱ्याच वर्षांचं मत आहे.

ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा किती? जेमतेम हजारात एक. तरीही १५ जून २०१६ रोजी, संघात राहायचं की बाहेर पडायचं या सार्वमताला आठवडा उरलेला असताना, मच्छीमारांच्या बोटी थेम्स नदीतून लंडनच्या संसदेसमोर येऊन ठाकल्या. आणि २०२० च्या डिसेंबरात युरोपीय संघाशी व्यापारकरार व्हायची वेळ आली, तेव्हा शेवटच्या क्षणापर्यंत घोडं अडलं ते मासळीवरच. एवढ्याशा धंद्याने अख्खा देश धरून का ठेवावा? त्यामागे एक जुनी जखम आहे.

गोष्ट आइसलंडची आहे. तेव्हाची लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर, सैन्य नाही, फक्त तटरक्षक दलाच्या मोजक्या बोटी. पोट सगळं कॉड नावाच्या माशावर. ब्रिटनच्या हल आणि ग्रिम्सबी या बंदरांतले ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढणाऱ्या मोठ्या बोटी, पिढ्यान् पिढ्या आइसलंडच्या पाण्यात जाऊन हाच कॉड भरून आणत. आइसलंडने आपली मासेमारीची हद्द वाढवत नेली. १९५८ मध्ये बारा मैल, १९७२ मध्ये पन्नास, १९७५ मध्ये दोनशे. दर वेळी ब्रिटनने सांगितलं, मानत नाही, आणि ट्रॉलरच्या संरक्षणाला युद्धनौका पाठवल्या. यालाच 'कॉड युद्ध' म्हणतात.

आता आइसलंडवाल्यांनी काय करावं? त्यांनी एक आकडा बनवला, धारदार कात्रीसारखा. तटरक्षक दलाची बोट तो मागे ओढत ट्रॉलरच्या पिछाडीवरून आडवी जायची. ट्रॉलरचं जाळं पाण्याखाली असतं, ते ज्या पोलादी तारांवर ओढतात त्या तारा या आकड्यात सापडल्या की खलास. जाळं गेलं, आतली मासळी गेली, फेरी फुकट. तुमच्यातले जे तांडेल आहेत त्यांना एक जाळं जाण्याचा अर्थ मी सांगायला नको. युद्धनौका काय करणार? गोळी झाडायची तर दोघेही नाटो या लष्करी आघाडीचे सदस्य. वर केफ्लाविकचा अमेरिकेच्या वापरातला तळ आइसलंडच्या भूमीवर. तो बंद करू, नाटोतून बाहेर पडू, अशी धमकी आइसलंडने दिली आणि ती लागू पडली. जून १९७६ मध्ये समझोता झाला. दोनशे मैलांच्या आत एका वेळी ब्रिटनचे फार तर चोवीस ट्रॉलर, तेही सहा महिन्यांपुरते. हल आणि ग्रिम्सबीची दूरच्या पाण्यातली मासेमारी तिथेच मोडली. हजारो खलाशी घरी बसले.

आणि नेमक्या त्याच काळात जगभर दोनशे मैलांची हद्द रुळली. ब्रिटननेही १ जानेवारी १९७७ पासून स्वतःची दोनशे मैल जाहीर केली. म्हणजे आइसलंडचं पाणी गेलं तरी आपलं पाणी मिळालं, असं मच्छीमाराला वाटायला हवं होतं. पण १९७३ पासून ब्रिटन युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या संघाच्या पूर्वरूपात, होतं आणि तिथला नियम होता पाणी सामाईक. हा नियम मूळच्या सहा देशांनी १९७० मध्ये मान्य केला होता, ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्याशी प्रवेशाची बोलणी सुरू होण्याच्या अगदी तोंडावर. आत यायचं तर हे मान्य करून या. नॉर्वेच्या जनतेने १९७२ मध्ये नाही म्हटलं, त्यात मच्छीमारांचा मोठा हात होता. ग्रीनलँड डेन्मार्कबरोबर ओढलं गेलं, पण अंतर्गत स्वराज्य मिळताच १९८२ मध्ये सार्वमत घेऊन १९८५ मध्ये बाहेर पडलं. कारण? मासळी! ब्रेक्झिट हे पहिलं बहिर्गमन म्हणून सांगतात, तेव्हा मी दर वेळी हात वर करतो. सदस्य देश म्हणून ब्रिटन पहिलं, हे मान्य. पण वाट ग्रीनलँडने दाखवली होती.

पुढचा अंक कोर्टातला. स्पेनच्या मालकांनी आपले ट्रॉलर ब्रिटनमध्ये नोंदवले आणि ब्रिटनच्या कोट्यातली, म्हणजे ब्रिटनला ठरवून दिलेल्या वाट्यातली, मासळी धरू लागले. ब्रिटिश संसदेने १९८८ मध्ये कायदा करून त्यांना रोखलं. 'फॅक्टरटेम' नावाची कंपनी कोर्टात गेली आणि १९९० मध्ये ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायपीठाने आपल्या संसदेचा कायदा त्या मालकांना लागू करू नये असा आदेश दिला, कारण तो युरोपच्या कायद्याशी विसंगत होता. विचार करा, ज्या देशाला लेखी राज्यघटना नाही, जिथे संसद बोले तोच कायदा असं शंभर वर्षं शिकवलं गेलं, तिथे हे घडलं. पुढे सरकारला नुकसानभरपाईही द्यावी लागली. 'आपलं राज्य आपल्या हातात राहिलं नाही' ही भावना कुणी हवेतून काढलेली नाही. तिला हुकमाचा कागद आहे. ब्रेक्झिटवाल्यांना नुसते भडकलेले लोक म्हणून मोडीत काढणारे माझे मित्र आहेत, त्यांचं मला पटत नाही.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, आणि मला राग येतो तो तिथे. ब्रुसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयात, ठरायचा तो देशाचा कोटा. तो कोटा देशातल्या कोणत्या बोटीला किती द्यायचा, हे लंडनच ठरवायचं. पहिल्या दिवसापासून. दहा मीटरच्या आतल्या छोट्या होड्या संख्येने तीन-चतुर्थांशाहून जास्त, पण कोट्यात त्यांना मिळायचा तो तुकडा. मोठ्या मालकांनी परवाने आणि कोटे विकले, परदेशी कंपन्यांनी ते विकत घेतले, सरकारने होऊ दिलं. इंग्लंडच्या कोट्याचा किमतीने निम्म्याहून जास्त भाग परदेशी मालकीच्या बोटींकडे गेला तो असा. छोट्या होडीवाल्याची मासळी ब्रुसेल्सने जेवढी नेली, तेवढीच त्याच्या स्वतःच्या राजधानीनेही वाटून टाकली. आपल्याकडे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार आणि त्यापुढे केंद्राचा, हे तुम्हाला पाठ आहे. हद्द कुणाचीही असो, पारंपरिक मच्छीमाराचं कोण ऐकतं, हा प्रश्न तुम्ही इथे कितीदा विचारलाय.

बरं, बाहेर पडल्यावर काय मिळालं? २४ डिसेंबर २०२० चा करार. संघातल्या बोटी ब्रिटनच्या पाण्यात धरतात त्यातला पंचवीस टक्के वाटा साडेपाच वर्षांत हळूहळू ब्रिटनकडे. मच्छीमार सगळं मागत होते. पुढे मे २०२५ मध्ये नव्या सरकारने युरोपीय बोटींना २०३८ पर्यंत मुभा वाढवून दिली. आणि जानेवारी २०२१ मध्ये काय झालं? स्कॉटलंडची कोळंबी-खेकडे युरोपात जायचे, त्यांना आता आरोग्याचे दाखले, सीमाशुल्काचे कागद. माल अडकला, खराब झाला, आणि व्यापाऱ्यांनी रिकामे ट्रक लंडनला नेऊन सरकारी कचेऱ्यांसमोर उभे केले. कालवं आणि तत्सम जिवंत शिंपल्यांची तर आणखी परवड. काही पाण्यातला न शुद्ध केलेला माल संघाबाहेरच्या देशातून घेताच येत नाही, हा नियम ब्रिटन आत असताना मान्यच होता. आता तेच बाहेरचे. ग्रिम्सबीच्या भागात बाहेर पडायच्या बाजूने सत्तर टक्क्यांच्या आसपास मतं पडली. आज तिथल्या कारखान्यांत कापली जाते ती मासळी मुख्यतः आइसलंड आणि नॉर्वेहून येते.

आपल्या शेजारच्या गोव्याचा एक धागा यात आहे, तो सोडवत नाही. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टवर हजारो गोंयकार इंग्लंडमधल्या स्विंडन आणि साउथॉलला जाऊन स्थिरावले, युरोपीय नागरिक म्हणून. एका सार्वमताने त्यांचा तिथे राहण्याचा हक्क अर्जावर आला. ३० जून २०२१ ची मुदत होती. त्या मतदानात त्यांच्यातल्या बहुतेकांना मत नव्हतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे जाहीर केलेला विषय आता भरभर.

माझं म्हणणं असं. ब्रिटनने सार्वभौमत्व कधीच गमावलं नव्हतं. १९७२ चा कायदा करून संसदेने तो अधिकार युरोपला वापरायला दिला होता आणि कायदा करूनच परत घेतला. प्रश्न होता परत घेतलेलं ठेवायचं कुणाकडे. संसदेकडे, जनतेकडे, की सरकारकडे? सार्वमतात ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा कौल लागला, पण बाहेर पडून जायचं कुठे हे मतपत्रिकेवर नव्हतं. त्या रिकाम्या जागेत सरकार शिरलं. संसदेला न विचारता बाहेर पडण्याची नोटीस द्यायला निघालं, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन अशा मतांनी अडवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये संसद स्थगित केली, ती अकराही न्यायाधीशांनी रद्द ठरवली. आणि संसदेचं राज्य परत आणायला निघालेल्या या प्रवासाचा शेवटचा करार? बाराशेहून जास्त पानं, आणि ३० डिसेंबर २०२० रोजी दोन्ही सभागृहांत एका दिवसात मंजूर. वाचला कुणी?

दुसरं, देश म्हणजे कोण? इंग्लंड आणि वेल्सने जा म्हटलं. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्क्यांनी राहा म्हटलं. गेले सगळेच. आता दारांकडे बघा. ज्या युरोपीय संघाने देश गिळले असं सांगितलं जातं, त्याच्या लिस्बन करारात पन्नासावं कलम आहे. नोटीस द्या, दोन वर्षांत बोलणी करा, जा. उत्तर आयर्लंडलाही १९९८ च्या करारात दार आहे, बहुमत वेगळं व्हायच्या बाजूचं दिसलं तर जनमत घ्यायचं. स्कॉटलंडला? नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय तुमची संसद सार्वमताचा कायदाच करू शकत नाही. चाळीस वर्षं ज्यांनी ब्रुसेल्सला विचारलं की आमच्या लोकांना तुम्ही कोण अडवणार, त्यांनी स्कॉटलंडच्या राजधानीला, एडिंबरोला, हे उत्तर दिलं. स्कॉटलंडने वेगळं व्हावं की नाही हे स्कॉटिश लोक ठरवतील. पण ते कधी आणि कसं ठरवायचं हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं, आणि बाहेर पडण्याची मतपत्रिका पुढच्या मुक्कामासकट छापली जायला हवी. एवढं दोन्ही मी ठामपणे मागतो.

वेळ संपली. मिरकरवाडा बंदरातली मच्छीमार मंडळी मागे बसली आहेत, पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.