मुकुटाची प्रवाळबुरशी

जेजुरीगडावरच्या दीपमाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या बुरशीची बांधणी चटकन उमजेल. फरक इतकाच की दीपमाळेला मधला भक्कम खांब असतो; इथे मात्र कुजक्या ओंडक्यातून वर आलेल्या बारीक दांड्याचे टोक पसरून इवलीशी वाटी होते, वाटीच्या काठावर तीन ते सहा टोके उभी राहतात, आणि त्याच टोकांतून पुढच्या फांद्या फुटून त्यांच्याही शेंड्याला पुन्हा तशीच वाटी तयार होते. अगदी वरच्या, न फुटलेल्या वाट्या मुकुटासारख्या दिसतात. कोवळेपणी फिकट पिवळसर असलेला हा झुबका जून होताना गुलाबीसर आणि मग तपकिरी होतो.

हिचे शास्त्रीय नाव आर्टोमायसीस पिक्सिडेटस. युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियातल्या जंगलांत, पडलेल्या पॉपलर, विलो, मॅपल अशा झाडांच्या लाकडावर ती वाढते. झुबका दिसतो तो तिचा बीजाणू देणारा भाग. तिचे खरे शरीर म्हणजे ओंडक्याच्या आत पसरलेले धाग्यांचे जाळे, जे लाकडातले चिवट लिग्निनदेखील पचवते. नेहमीच्या अळंबीसारखे छत्रीखालच्या पडद्यांवर नव्हे, तर बीजाणू इथे फांद्यांच्या पृष्ठभागावरच तयार होतात, आणि ते इतके सूक्ष्म असतात की एका मिलिमीटरच्या रेषेत सुमारे 200 सहज मावतील.

1794 मध्ये बुरशीशास्त्रज्ञ पर्सून यांनी तिला क्लॅव्हेरिया पिक्सिडेटा म्हटले. पिक्सिस म्हणजे छोटी डबी, आपल्याकडचा कुंकवाचा करंडाच म्हणा. त्या काळी पोवळ्यासारखी दिसणारी बहुतेक बुरशी क्लॅव्हेरिया या एकाच प्रजातीत घातली जाई. पण या बुरशीचे बीजाणू आयोडीनच्या द्रावणात निळसर-करडे होतात, क्लॅव्हेरियाचे होत नाहीत. आणि आज ती रसुला या छत्रीवाल्या अळंबीच्या गणात गणली जाते. आर्टोमायसीस हे नाव तिला 1982 मध्ये मिळाले. पोवळ्याचा हा आकार बुरशींच्या वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडला आहे, आणि मला या साऱ्या कथेत हेच सर्वांत विलक्षण वाटते.

म्हणूनच पावसाळ्यात ताम्हिणीच्या रानात असा झुबका आढळला, तर केवळ आकारावरून त्याला हे नाव देऊ नये. तो मातीतून आला आहे की लाकडातून, हे आधी पाहावे. मग भिंगातून शेंडे पाहावेत. त्यापुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे आणि जपून ठेवलेल्या नमुन्यांचे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियममध्ये बुरशीचे असे वाळवलेले नमुने याच पडताळणीसाठी सांभाळले जातात.