नगाऱ्यांच्या पोटात

नमस्कार श्रोतेहो.

आज जरा मद्रासला जाऊ. १९४३-४४चा सुमार. जेमिनी स्टुडिओचे मालक एस. एस. वासन, म्हणजे 'आनंद विकटन' या तमिळ साप्ताहिकाचेही मालक, नव्या चित्रपटाची जाहिरात करून मोकळे झाले. नाव 'चंद्रलेखा'. बाकी कथा वगैरे? तिचा पत्ताच नव्हता! नायिकेचं नाव तेवढं ठरलेलं.

कथाविभागातली माणसं महिनोन्‌महिने डोकं खाजवत बसली. शेवटी वासन वैतागले, आठवडाभरात गोष्ट आणा, नाहीतर हा बेत बासनात. तेव्हा वेप्पत्तूर किट्टू या लेखकाच्या हाती रेनॉल्ड्सची एक जुनी इंग्रजी कादंबरी लागली. दरोडेखोर, घोडागाडी, लपून बसलेली मुलगी. तेवढ्या ठिणगीवर गावातली नर्तकी चंद्रलेखा, सिंहासनासाठी भांडणारे दोन राजपुत्र भाऊ आणि त्या दोघांचाही तिच्यावर डोळा, असा सगळा डोलारा उभा राहिला.

मग पाच वर्षं काम चाललं. दिग्दर्शक राघवाचारींचं वासनशी पटेना, ते निघून गेले. आणि तोवर एकही चित्रपट दिग्दर्शित न केलेले वासन स्वतःच कॅमेऱ्यामागे उभे राहिले. खर्च ३० लाखांच्या घरात गेल्याचं सांगतात. मालमत्ता गहाण पडली, दागिने विकले गेले, असंही सांगतात. आता त्या काळी ३० लाख म्हणजे किती, याचा हिशेब मी मांडत बसत नाही. 'चंद्रलेखा'चं नाव निघालं की लोक पैशांवरच घसरतात, आणि मूळ गंमत राहून जाते.

ती गंमत शेवटाकडे आहे. धाकटा राजपुत्र शशांकन, म्हणजे अभिनेता रंजन, चंद्रलेखेशी लग्न करायला उतावीळ झालेला. टी. आर. राजकुमारीची चंद्रलेखा 'हो' म्हणते, पण आधी नगाऱ्यांचा नाच झाला पाहिजे, ही अट घालून. महालाच्या प्रांगणात प्रचंड नगारे रांगांनी मांडलेले, आणि त्यांच्यावर नर्तकी नाचताहेत. आपण बघत राहतो. वाटतं, झाला खर्च तो हाच. नाच संपतो, नगाऱ्यांची चामडी फाटतात, आणि आतून थोरल्या भावाचे सैनिक तलवारी घेऊन बाहेर पडतात! इतका वेळ डोळे दिपवणारी सजावट म्हणजे खरं तर शत्रूच्या अंगणात नेऊन ठेवलेलं सैन्य. भव्य देखावे पुढे पुष्कळांनी उभे केले हो. देखाव्याला कथेत असं कामाला लावणारे थोडे.

सर्कशीचंही तेच. चित्रपटासाठी खरीखुरी सर्कस आणली, पण ती नुसती खेळापुरती नाही. थोरला राजपुत्र गुहेत कोंडलेला, तोंडावर भलीमोठी शिळा. ती हलवायला सर्कशीतले हत्ती लागतात. इथे आपल्याला थोडं सुखावायला हरकत नाही. भारतीय सर्कस १८८०मध्ये मुंबईत सुरू केली ती सांगलीकडच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी. त्यांची सर्कस केरळात तलश्शेरीला गेली, तिथले कसरतींचे शिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी गाठ पडली, आणि दक्षिणेत सर्कशीची तालीम रुजली.

९ एप्रिल १९४८ला तमिळ 'चंद्रलेखा' लागला. लोक आले, पण एवढा खर्च एका भाषेतून कसा निघायचा? वासननी काही कलाकार नवे घेतले, काही भाग नव्यानं चित्रित केला आणि २४ डिसेंबरला हिंदी 'चंद्रलेखा' आणला. जाहिरात अशी दणकून केली की उत्तरेकडच्या वितरकांना कळेना, मद्रासवाला हा कोण! चित्रपट तुफान चालला. मद्रासच्या निर्मात्यांना हिंदीचं दार उघडलं ते इथे. वासन स्वतःही पुढे हिंदीत रमले. दिलीपकुमार आणि देव आनंद यांना एकत्र आणणारा 'इन्सानियत' त्यांचाच.

चित्रपट तीन तासांहून मोठा आहे. मधली विनोदी प्रकरणं आज लांबट वाटतात, हे कबूल. शेवटची तलवारबाजी मात्र सोडू नका. रंजन खरोखरच तलवारबाजी शिकलेला. ते त्याच्या मनगटात दिसतं.

जेमिनी स्टुडिओ आता नाही. तो होता त्या चौकातल्या उड्डाणपुलाचं सरकारी नाव अण्णा. चेन्नईत रिक्षावाल्याला मात्र 'जेमिनी' सांगा, तो बरोबर तिथेच नेऊन सोडेल. नमस्कार.